सावळ्या शिवारात गोरी गाणी

आषाढ सरत आला, की भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागात भाताच्या रोवणीला वेग येतो. साकोली तालुक्यातील एकोडीच्या शिवारातही या दिवसांत चिखल केलेल्या बांध्यांमधून स्त्रियांच्या रांगा वाकलेल्या दिसतात. पाय चिखलात रुतलेले, पाठीवर घटकेत पाऊस तर घटकेत ऊन, आणि हातात पऱ्ह्यांची जुडी. रोवणीच्या कामाला गाण्याची सोबत या भागात जुनी आहे. ती आजही आहे. फरक एवढाच, की पूर्वी गाणे गळ्यातून येई, आता ते पुष्कळदा बांधावर ठेवलेल्या मोबाईलमधून येते. त्या गाण्यातील नायिका बहुधा गोरी असते, तिची मनगटे नाजूक असतात आणि कंबर एवढीशी असते. ते गाणे ऐकत ऐकत बांधीत वाकलेल्या बाईचे हात मात्र उन्हाने रापलेले असतात, आणि तिची कंबर दिवसभर मोडून दुखत असते.

यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्या बाईलाही नाही. गाणे मनोरंजनासाठी असते, त्याचा एवढा विचार कशाला करावयाचा, असा प्रश्न वाचकांच्याही मनात येईल. परंतु ज्या उन्हात आपल्या ताटातला भात पिकतो, त्याच उन्हाने रापलेल्या कातडीची लाज जर एखादा समाज आपल्या मुलींना गाण्यांतून, जाहिरातींतून आणि चित्रांतून शिकवू लागला, तर ती गोष्ट केवळ करमणुकीची राहत नाही. ती शिक्षणाची होते. आणि शिक्षणाची गोष्ट म्हटली, की शिक्षकांना, पालकांना व विद्यार्थ्यांना तिच्याकडे पाठ फिरविता येत नाही.

गाण्याची शाळा

जाहिरात आणि गाणे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. जाहिरात समोर आली, की हा माणूस आपल्याला काहीतरी विकू पाहत आहे, एवढी सावधगिरी अडाणी माणसाच्याही मनात असते. गाण्यापुढे ही सावधगिरी गळून पडते. ते आनंदाच्या प्रसंगी येते. लग्नाच्या वरातीत, दिवाळीनंतरच्या मंडईत, झाडीपट्टीच्या नाटकात, शाळेच्या स्नेहसंमेलनात येते. ते पाठ होते, त्यावर पाय थिरकतात. पाढे पाठ करून घ्यावयास आम्हां शिक्षकांना किती सायास पडतात! तेथे एखादे नवे गाणे आठवड्याभरात चौथीतल्या मुलीच्या ओठांवर असते. एवढी प्रभावी शाळा दुसरी नाही.

या शाळेचा पाठ आपण फार लवकर गिरवू लागतो. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले एक बालगीत मराठी घराघरांत पोचलेले आहे. त्यात एक धाकटे भावंड आपल्या दादाकडे वहिनीची मागणी करते, आणि त्या वहिनीचे पहिले लक्षण म्हणजे तिचा गोरेपणा. गीत अत्यंत गोड आहे आणि त्या थोर कवीच्या मनात कोणाला हिणविण्याचा हेतू असेल, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण ते गाणे पाठ म्हणणाऱ्या बालवाडीतील सावळ्या मुलीला त्यातून काय कळते? दादाला आणावयाची वहिनी आपल्यासारखी नसते, एवढे तिला निश्चित कळते.

याच तिघांचे दुसरे एक बालगीतही तितकेच लोकप्रिय आहे. बदकांच्या पिलांत वेगळ्या दिसणाऱ्या एका पिलाची, अँडरसनच्या परीकथेवरून आलेली ती कथा आहे. सगळे त्याला हिणवितात, आणि शेवटी ते राजहंस असल्याचे उघड होते. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना या गाण्याने धीर दिला आहे. पण बारकाईने पाहिले, तर हा धीरही सशर्त आहे. त्या पिलाला मान मिळतो, तो ते शुभ्र आणि डौलदार निघाले म्हणून. ते जर साधे, मातकट रंगाचे बदकच निघाले असते, तर तळ्यातील इतरांनी त्याला जवळ केले असते काय? ‘तू आहेस तशी चांगली आहेस’ असे आपण मुलींना क्वचितच सांगतो. ‘मोठी झालीस की उजळशील’ असे सांगतो.

हिंदी चित्रपटगीतांतील गोऱ्या नायिकांची यादी देण्याचे कारण नाही. वाचकांना ती पाठ असेल. अपवाद मात्र सांगण्यासारखा आहे. १९६३ च्या ‘बंदिनी’ चित्रपटात गुलजार यांनी लिहिलेल्या आणि लता मंगेशकरांनी गायिलेल्या गीताची नायिका आपला गोरा वर्ण देऊन टाकून श्याम वर्ण मागते, कारण तिला रात्रीच्या अंधारात मिसळून प्रियकराकडे जावयाचे आहे. अशी मागणी करणारी नायिका पुन्हा सहसा भेटली नाही. दोनच वर्षांनी, १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये काळ्या रंगाची बाजू घेणारे गाणे आले खरे, पण ते विनोदी नट मेहमूद यांच्या तोंडी आले. काळ्या माणसाने प्रेम मागणे ही प्रेक्षकांनी हसण्याची गोष्ट ठरली. आणि २०२० मध्ये, वर्णभेदाविरुद्ध जगभर निदर्शने होत असताना, ‘खाली पीली’ या चित्रपटाच्या एका गीतात आपल्याकडील गोरीला पाहून अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बियॉन्से लाजेल, अशी कल्पना मांडली गेली. टीका झाली, तेव्हा निर्मात्यांनी शब्द बदलले. पण तो शब्द लिहिताना, गाताना आणि ध्वनिमुद्रित करताना कोणालाच खटकला नाही, ही गोष्ट अधिक बोलकी आहे.

बदलत गेलेले माप

सौंदर्याची आवड मनुष्यमात्राला निसर्गतःच असते, त्यात गाण्यांचा काय दोष, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. सौंदर्याची ओढ नैसर्गिक आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. पण सौंदर्याचे माप नैसर्गिक नाही. ते काळागणिक बदलते, आणि ते बदलणारे हात बहुधा रंगमंचावर किंवा पडद्यामागे असतात.

आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मध्यमवर्गीय मराठी स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे, केस कसे बांधावेत, दागिने कोणते घालावेत, याचा आदर्श होता नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. एका पुरुषाने उभी केलेली स्त्री पाहून स्त्रिया नटत होत्या! आणि हा आदर्श आजच्या अर्थाने सडपातळ मुळीच नव्हता; भरलेले अंग हे तेव्हा घरंदाजपणाचे लक्षण मानले जाई. त्यानंतर शंभर वर्षे उलटण्याच्या आतच, २००८ च्या ‘टशन’ चित्रपटाच्या निमित्ताने करीना कपूरच्या ‘झीरो साइज’ कमरेची चर्चा देशभर झाली. पणजीला जे अंग शोभा वाटले असते, ते पणतीला ओझे वाटू लागले. शरीर तेच, माप बदलले.

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. २००७ च्या ‘ओम शांति ओम’ चित्रपटातील एका गाण्यात शाहरुख खान यांनी पोटाचे घोटीव स्नायू दाखविले, आणि ‘सिक्स पॅक’ हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. आमच्या भागातील शेकडो तरुण पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. त्यांचे काटक, चपळ शरीर हे खऱ्या अर्थाने कमावलेले शरीर आहे. त्यांच्यातीलही काहींना आता आरशात आपण ‘हडकुळे’ दिसतो, आणि ते भुकटीचे महागडे डबे विकत घेऊ लागतात, तेव्हा सामर्थ्य आणि देखावा यांतील फरक आपण त्यांना शिकविलाच नाही, असे वाटते.

बाहेरून आलेली चित्रे किती वेगाने मनाचा ताबा घेतात, याचा एक पुरावा पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवरून मिळाला आहे. तेथील एका भागात दूरचित्रवाणी १९९५ मध्ये पोचली. तेथे भरलेले अंग हीच सुस्थितीची खूण होती. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटविण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. तीन वर्षांनंतर शंभरात अकरा मुली तसे करीत असल्याचे आढळले, आणि सुमारे तीनचतुर्थांश मुलींना आपण कधी ना कधी फार जाड वाटतो, असे वाटू लागले होते. त्या तीन वर्षांत मुलींची शरीरे बदलली नव्हती. त्यांच्या घरातील चित्रे बदलली होती. ती चित्रे निदान दिवाणखान्यात सर्वांसमोर दिसत. आज ती प्रत्येकीच्या हातातल्या मोबाईलवर, अंथरुणातही सोबत असतात. आणि मोबाईलमधील ‘फिल्टर’ तिचा स्वतःचा चेहराच परस्पर उजळून, नाक बारीक करून तिला दाखवितो. दुसऱ्याशी होणारी तुलना जुनी होती. स्वतःच्याच खोट्या चेहऱ्याशी तुलना ही नवी आहे.

स्नोपासून क्रीमपर्यंत

लाज निर्माण झाली, की तिच्यावरील उताराही बाजारात येतो. मराठीत ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द रुळला, त्याला शंभर वर्षे होत आली. मुंबईच्या पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणली, तेव्हा नटण्याच्या जागी दुरुस्ती आली. स्नो-पावडर लावणारी स्त्री नटत असे. क्रीम लावणाऱ्या मुलीला मात्र असे सांगण्यात आले, की तुझा मूळ रंग हीच एक उणीव आहे. जाहिरातींतील कथा वर्षानुवर्षे एकच होती: सावळी मुलगी उदास, स्थळे नाकारतात, नोकरी मिळत नाही, क्रीम लावते, उजळते, आणि सगळे जग हसू लागते. २००५ मध्ये पुरुषांसाठीही वेगळे क्रीम आले.

विरोधही झाला, हे नमूद केले पाहिजे. चेन्नईतून २००९ मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू झाली आणि पुढे अभिनेत्री नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. सावळ्या व्यक्तींना दुःखी, निराश वा अनाकर्षक दाखवू नये, असे निर्देश भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये दिले. २०२० मध्ये ‘फेअर’ हा शब्द नावातून गळून ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. त्याच सुमारास एका मोठ्या विवाहजुळणी संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. पुरुषांच्या क्रीमच्या जाहिरातीबद्दल दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये उत्पादक कंपनीला सुमारे पंधरा लाख रुपयांचा भुर्दंड बसविला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु नाव बदलले म्हणून मागणी बदलत नाही. ‘गोरेपणा’च्या जागी ‘तेज’ आणि ‘चमक’ हे शब्द आले. ऐकणाऱ्या मुलीने त्यांचा अर्थ जुनाच घेतला.

विज्ञानाचे म्हणणे साधे आहे. कातडीतील रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या किती व कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य तयार करतात, एवढाच फरक. हे रंगद्रव्य उन्हातील घातक किरणांपासून शरीराचे रक्षण करते. नवतप्याच्या उन्हात राबणाऱ्या माणसाला सावळा रंग ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. ही छत्री काढून टाकण्यासाठी जे विकले जाते, ते नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. ‘तुरंत’ गोरे करणाऱ्या निनावी क्रीममध्ये पुष्कळदा पारा असतो, कारण तो रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच रोखतो. आपल्या विदर्भातील, अकोल्याच्या एका कुटुंबाची हकीकत २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून आली होती. एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा त्या लावीत असलेल्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट असल्याचे आढळले. केरळमधील डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या पंधरा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांतील तेरा जण असली क्रीम वापरीत होते. आपल्या देशातील नियमांप्रमाणे अशा प्रसाधनात दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक पारा असता कामा नये. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नावच धड नसते, तिला नियम कोण लावणार?

दुसरा धोका स्टिरॉइडयुक्त मलमांचा. ही मलमे विशिष्ट त्वचारोगांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरावयाची असतात. चेहऱ्याला लावली, की आरंभी तो उजळल्यासारखा दिसतो; पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, फोड येतात, आणि मलम थांबविताच त्रास दुणावतो. अशा चौदा औषधांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नये, असे केंद्र सरकारने २०१८ मध्येच ठरविले. तरीही मैत्रिणीने सांगितले म्हणून ट्यूब विकत घेणाऱ्या मुली आपल्या भोवती आहेत, हे शिक्षकांनी डोळे उघडे ठेवले तर त्यांना दिसेल.

आपला वाटा

सगळा दोष गाण्यांवर आणि कंपन्यांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण गाणी लिहिणारे आणि क्रीम विकणारे आपल्याच मनातील इच्छा आपल्याला परत विकतात. ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस’ हे वाक्य कोणत्या जाहिरात कंपनीने लिहिलेले नाही; ते आपल्या घरात जन्मले. त्यातील ‘पण’ हा शब्द मुलीच्या आयुष्यभर तिच्यामागे चालतो. परिचयपत्रकात ‘गोरी’ लिहिता येत नसेल, तर ‘निमगोरी’, तेही नसेल तर ‘गहूवर्णी’. आणि त्याला जोडावयाचा फोटो देताना छायाचित्रकाराला सांगावयाचे, की जरा उजळ करून द्या. मुलगी पाहावयास आलेली माणसे तिची गुणपत्रिका मागत नाहीत. या रंगाच्या मोजमापाला जातीचीही सावली आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) चित्रपटातील जब्या वरच्या जातीतल्या गोऱ्या शालूसाठी रानोमाळ काळी चिमणी शोधत हिंडतो. स्वतःच्या रंगाची आणि जातीची लाज किती कोवळ्या वयात मनात उतरते, ते त्या चित्रपटाने ज्या धैर्याने दाखविले, त्याला तोड नाही.

येथे प्रस्तुत लेखकालाही एक कबुली दिली पाहिजे. शिक्षकी पेशात असताना स्नेहसंमेलनाच्या नाचांची जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे असे. पहिल्या रांगेत कोणाला उभे करावयाचे, हे ठरविताना मी फारसा विचार करीत नसे. हात आपोआप गोऱ्या आणि सडपातळ मुलींकडे वळे. पाहुणे समोर बसणार, रंगमंच ‘उठून दिसला’ पाहिजे! एका वर्षी मागच्या रांगेतील एका काळ्यासावळ्या मुलीने मला विचारले, “गुरुजी, मले त सप्पा नाच येते, मंग मी मांगं काहून?” तिला खरोखरच सगळ्यांत चांगला नाच येत होता. “तू उंच आहेस म्हणून,” मी म्हणालो. ती उंच नव्हती. ते तिलाही ठाऊक होते आणि मलाही. पुढच्या वर्षी तिने नाचात नाव दिले नाही. कोणत्या गाण्याने वा जाहिरातीने केली नसेल, एवढी हानी त्या दिवशी माझ्या एका वाक्याने केली, असे मला आज वाटते.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील शंभरापैकी चौपन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजारही मोठ्या प्रमाणात आहे. रक्त कमी झाले, की चेहरा फिकट दिसतो, आणि तो फिकटपणा पाहून ‘पोर उजळली’ म्हणणारी माणसे आपल्यात आहेत. जेथे मुलीच्या ताटात भाजी, डाळ आणि अंडे जास्त वाढण्याची गरज आहे, तेथे तिला कंबर बारीक ठेवण्याचे गाणे ऐकवावयाचे, आणि तिच्या रोजीचे पैसे क्रीमच्या डबीवर खर्च होऊ द्यावयाचे, याला विसंगती म्हणणे फार सौम्य होईल.

यावर गाण्यांवर बंदी घाला, असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. गाण्याला उत्तर गाण्यानेच देता येते, आणि मराठी परंपरेत ते उत्तर आहे. या मुलखाचे दैवत विठ्ठल सावळे आहे आणि त्याच्या सावळेपणाचे कौतुक करताना संतांना कधी ‘पण’ हा शब्द लागला नाही. शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो. ‘जैत रे जैत’ (१९७७) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांतील स्मिता पाटील यांचा सावळा, बोलका चेहरा महाराष्ट्राने डोक्यावर घेतला; त्यांच्यावर चित्रित झालेली गाणी आजही गायिली जातात, आणि ती ऐकताना रंगाची उणीव कोणाला जाणवत नाही. म्हणजे आवड घडविता येते. ती एकदा घडलेली आहे.

शिक्षकबंधुभगिनींना करण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. वर्गात ‘काळी’, ‘जाडी’, ‘काडी’ ही टोपणनावे कानांवर आली, तर हसून सोडून देऊ नयेत. विज्ञानाच्या तासाला त्वचेचा धडा शिकविताना रंगद्रव्याचे काम पाच मिनिटे अधिक समजावून सांगावे, आणि निनावी डबीतील पाऱ्याची गोष्टही सांगावी. मुलामुलींना एखादे लोकप्रिय गाणे घेऊन, त्यातील नायिका आपल्या गावात कोणासारखी दिसते, आणि कोणासारखी दिसत नाही, असा निबंध लिहावयास सांगावा. त्या निबंधांतून आपणांस जे कळेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पालकांनी परिचयपत्रकातून वर्णाचा रकाना काढून टाकावा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या मोबाईलमधील चेहऱ्यापेक्षा आरशातील चेहऱ्यावर अधिक विश्वास ठेवावा.

दिवाळी झाली, की मंडईचे दिवस येतील आणि त्यामागून शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांच्या तालमी सुरू होतील. यादी करताना, पहिल्या रांगेतील नावे लिहिण्यापूर्वी, आपण क्षणभर हात थांबवावा, एवढीच विनंती आहे. रोवणीवरून थकून आलेली एखादी आई त्या रात्री प्रेक्षकांत मागे कोठेतरी बसलेली असेल. तिच्या मुलीला नाच येत असेल, तर ती मुलगी तिला पुढे दिसली पाहिजे.